सावरीची मालकीण

ज्या झाडाचे फळ खाता येत नाही, ज्याचे लाकूड घराला चालत नाही आणि ज्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसण्याची सोय नाही, ते झाड निरुपयोगी, असा निवाडा आमच्या गावाने फार पूर्वीच देऊन ठेवला होता. पुरावा कोणी तपासला, सावरीची बाजू कोणी ऐकली, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्या निवाड्याविरुद्ध मी जितके लिहिले तितके स्वतःच्या हक्कासाठीही लिहिलेले नाही. आणि आता वय झाले म्हणून त्यातले एक अक्षर मागे घ्यावे, असे मला वाटत नाही.

आमचे घर कर्ली खाडीच्या मालवणकडच्या तीरावर. ज्या काळाविषयी मी लिहितो आहे त्या काळी, म्हणजे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात, आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि आज जिल्ह्याचे ठाणे असलेले ओरोस हे एसटीने जाता जाता दिसणारे एक गाव होते. मी मालवणला एका वकिलांकडे कारकून होतो. कैफियती, नोटिसा, तहकुबीचे अर्ज, तहकुबीला विरोध करणारे अर्ज, हे माझे रोजचे काम. घरी आलो की पोस्टाच्या पेटीविरुद्ध, नदीघाटाच्या पायऱ्यांविरुद्ध, मोडक्या साकवाविरुद्ध मी स्वतःच्या खर्चाने पत्रे लिहीत असे. गावात मला ‘वकील’ म्हणत. त्यात आदर नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

माघ सरू लागला की आमच्या बागेचा नूर पालटे. सकाळी विहिरीवरच्या लाटेने, म्हणजे लाकडी तरफेने, पाणी उपसून पाटाला सोडले की पोफळींच्या आळ्यांतून वाफ निघावी इतका गारवा असे, आणि दहा वाजेपर्यंत त्याचा मागमूस उरत नसे. रतांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, पालवी फुटे ती हिरवी नव्हे, लाल. दुरून वाटे की कोणी झाडावर ओले लुगडे वाळत टाकले आहे. आंब्याची कोवळी पाने तांब्याच्या रंगाची आणि लोंबती, जणू त्यांच्यात अजून हाड भरलेले नाही. काजूच्या मोहोराला एक उग्रगोड वास येई आणि त्या वासाने माझ्या आईचे डोके दुखे. विहिरीकडेच्या वाफ्यात अबोली. आणि बागेच्या दक्षिण कोपऱ्यात, गडग्याला, म्हणजे आमच्या चिऱ्याच्या कुंपणाला, अगदी खेटून ती सावर.

तिला कोणी लावले नव्हते. वाऱ्याने आलेल्या कापसातून ती उगवली आणि गडगा फोडून वर गेली. पौषात तिचे एकूण एक पान झडे. राहे तो राखाडी, काटेरी, सरळसोट खांब आणि त्याला हात पसरल्यासारख्या आडव्या फांद्या. मग, इतर झाडे पालवी काढण्याच्या गडबडीत असताना, एकाही पानाचा आधार न घेता ती फुले. फूल वाटीएवढे, जाड पाकळ्यांचे, तांबडे. ते गळून पडत नाही, आदळते. दुपारी ओटीवर पडल्यापडल्या तो ‘धप्’ असा आवाज ऐकू येई आणि साळुंक्यांचे भांडण क्षणभर थांबे. सकाळी पहावे तर फुलांच्या पेल्यांत तोंड घालून पोपट, बुलबुल, खारी, मधमाश्या, साऱ्या जातीजमातीची पंगत बसलेली. जे झाड इतक्यांना जेवू घालते, ते निरुपयोगी! कोणाला निरुपयोगी? हा प्रश्न मी विचारला की माझी आई म्हणे, “झाडूक तू ये मगे. आदी पाना, मगे फुला, मगे तो कापूस. माझी कंबर मोडली.”

माझ्या पत्नीला मात्र ते झाड आवडे. तिचे माहेर खाडीपलीकडे वालावलला. लग्न होऊन आली त्या पहिल्या माघात ती बराच वेळ गडग्याशी उभी होती आणि मग एवढेच म्हणाली, “अंगार एक पान नाय, आणि केदा मिरवता बघा!” पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली तेव्हा होडीत पाय ठेवता ठेवता तिने मला बजावले, “सावर पुरी फुलली काय माका कळवा.” त्याप्रमाणे दर आठवड्याच्या पत्रात प्रकृतीची चौकशी, घरची खुशाली आणि सावरीचा वृत्तान्त, असा मजकूर जात असे. शेवटचा भाग सर्वांत लांब होई.

याच वर्षी गावाने ती सावर होळीसाठी ठरवली.

आमच्याकडे शिमग्याला नुसती लाकडे रचून पेटवीत नाहीत. एक उंच, सरळ, जिवंत झाड तोडून, ढोलांच्या गजरात खांद्यावरून नेऊन, देवळापुढच्या मांडावर उभे करतात, तीच होळी. ते झाड कोणाच्या जमिनीतले घ्यावे हे गावचे प्रमुख मानकरी ठरवीत. मालकाला विचारण्याची पद्धत नव्हती. ज्याचे झाड ठरले त्याने धन्यता मानायची आणि ढोल वाजू लागले की बाजूला उभे राहून हात जोडायचे, ही वहिवाट.

एका संध्याकाळी कोर्टातून घरी आलो तो सावरीच्या बुंध्यावर चुन्याचा पांढरा पट्टा. मी आईला विचारले. ती म्हणाली, “मानकरी इल्ले. ह्या वर्सा आपली सावर.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणतलंय? चाय दिलंय.”

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. मानकऱ्यांना रीतसर नोटीस लिहिली. वहिवाटीला कायद्याचे बळ यायचे तर ती वाजवी असावी लागते. दुसऱ्याच्या कुंपणात शिरून, त्याला न विचारता त्याचे झाड तोडणे ही वाजवी वहिवाट होऊ शकत नाही. सबब, झाडाला हात लावण्यापूर्वी आपण माझी परवानगी मागावी. ‘परवानगी देणार नाही’ असे मी त्यात लिहिले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. मागावी, एवढेच लिहिले होते. मानकरी हे सत्तरीकडे झुकलेले, बागायतीचे धनी, आवाज शंखासारखा. त्यांचे उत्तर मला तिठ्यावरच्या दुकानदाराकडून तोंडी मिळाले: “कागद पावलो म्हणान सांग तेका. कागद जाड आसा, होळयेक पेटवण म्हणान बरो.”

फाल्गुनी पौर्णिमेच्या सकाळी ढोल वाजू लागले. मी धोतर नेसून, कोट चढवून सावरीखाली जाऊन उभा राहण्याच्या तयारीत होतो, इतक्यात खाडीच्या वाटेने माझा मेहुणा धावत आला. भरतीबरोबर होडी वल्हवून आलेला, अंगावर घाम, हातात गुळाची पुडी.

“भावोजी, तोंड गोड करा! चेडू झाला! काल सांजेक. दोघाय बरी आसत.”

मुलगी झाल्याचे ऐकून आईने तिथल्या तिथे देवाला हात जोडले, गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला आणि ढोलांचा आवाज कानी पडताच एकदम शहाणी झाली. घरात मूल जन्मले की दहा दिवस सोयर. सोयर असलेल्या घरातले पान, फूल, पाणी, काहीही देवाला चालत नाही. मग झाड कुठले चालणार! आई म्हणाली, “सुटलो तू. जा, सांग तेंका. सोयर आसा म्हण. ढोल घेवन आपोआप परत जातले.”

मी म्हणालो, “ते मी सांगणार नाही.”

“कित्याक?”

“सोयराने सुटलो तर यंदापुरता सुटलो. पुढच्या वर्षी ते पुन्हा न विचारता येतील. आधी हक्काचा निकाल लागू दे. सोयराचे मग सांगेन.”

“तुझो कायदो चुलीत घाल!” आई म्हणाली. “आणि शुद्ध बोला नको माझ्याकडे. माका धडकी भरता.”

मी रागावलो की प्रमाण भाषा बोलू लागतो, ही माझी खोड घरात सर्वांना ठाऊक होती. मला सोयर लपवायचे नव्हते, हे इथे स्पष्ट नमूद करतो. मुद्दे कोणत्या क्रमाने मांडायचे, एवढेच मी ठरवीत होतो, आणि तो पक्षकाराचा अधिकार आहे.

गडग्याची पडकी बाजू ओलांडून पन्नासेक माणसे बागेत आली. अबोलीच्या वाफ्यातून आली. मानकऱ्यांनी सावरीच्या मुळाशी नारळ ठेवला. कुऱ्हाडवाले दोघे बाजूला उभे राहिले. मी बुंध्याला पाठ लावून उभा होतो. म्हणजे काट्यांमुळे शक्य तितकी. मानकरी म्हणाले, “वकिला, बाजूक हो.”

“विचारा, मग होतो.”

“देवाच्या कामाक इचारूचा लागता?”

“देवाने विचारायची गरज नाही. तुम्ही विचारायची आहे.”

पोरांत हशा पिकला. मानकऱ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, सर्वांना हात जोडायला लावले आणि गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. आमच्याकडे कोणतेही कार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. एकाने देवाला उद्देशून एकेक वाक्य म्हणायचे, शेवटी ‘म्हाराजा’ जोडायचे, आणि जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. त्या होकाराने ते वाक्य देवापुढे रुजू होते, अशी समजूत आहे.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज शिमग्याच्या सणाक ह्या सावरीची होळी तुझ्या मांडार उभी करतंव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ता तू गोड मानून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ज्या घरान ह्या झाड खुशीन दिल्यान, त्या घराचा बरा कर, म्हाराजा!”

हे मात्र धादांत खोटे विधान होते. ते देवापुढे, माझ्या देखत, माझ्या नावावर केले जात होते. पन्नास तोंडे उघडण्यापूर्वी मी माझे उघडले आणि जितका आवाज होता तितका लावून म्हणालो, “नाय म्हाराजा!”

त्या घटकेला आयुष्यात पहिल्यांदा मी रागात असताना मालवणी बोललो.

गाऱ्हाण्यात ‘नाय’ म्हटलेले त्या गावात कोणी ऐकले नव्हते. ढोलवाल्याच्या हातातली काठी तशीच वर राहिली. सावरीवरून एक फूल सुटले आणि धप्पदिशी मानकऱ्यांच्या पायाशी आदळले. कोणी तरी कुजबुजले, “आता काय करूचा?” आणि दुसरा म्हणाला, “मोडला गाऱ्हाणा!” मानकऱ्यांचा चेहरा त्या फुलासारखा झाला होता. ते माझ्या अंगावर येणार तोच मागच्या बाजूने आईचा आवाज आला. कमरेवर हात ठेवून ती विहिरीच्या काठावर उभी होती.

“थांबा रे! आमका सोयर आसा. सुनेक चेडू झाला काल. ह्या घरातला कायएक देवाक चलाचा नाय!”

पन्नास माणसे एकदम दोन पावले मागे सरली. ज्यांचे पाय अबोलीत होते त्यांनी ते उचलले. कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी अंगापासून दूर धरल्या; त्या नंतर खाडीत बुडवूनच घरी नेल्या म्हणतात. मी आईकडे असे पाहिले की मेहुणा घाबरून मध्ये आला. माझा दावा निकालावर आला असताना माझ्याच साक्षीदाराने तो तडजोडीत काढला होता!

मानकऱ्यांनी एकदा सावरीकडे वर पाहिले. मग त्यांच्या मिशीत हसू आले, आणि ते त्या शंखासारख्या आवाजात, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “वकिला, ध्यानात ठेव. सावर तुझ्या कायद्यान वाचली नाय. तुझ्या चेडवान वाचयल्यान. तुझी कसली ती? आजपासून ही सावर त्या चेडवाची, म्हाराजा!”

शेवटचे ‘म्हाराजा’ त्यांनी मुद्दाम म्हटले नव्हते. चाळीस वर्षे गाऱ्हाणी घातलेली जीभ. मोठ्या आवाजात बोलू लागली की ती त्याच शब्दावर थांबे. आणि समोरच्या पन्नास जणांनीही मुद्दाम काही केले नाही. हात अजून जोडलेले होते. नारळ अजून मुळाशी होता. सवयीने, एका आवाजात, ते म्हणाले:

“व्हय म्हाराजा!”

मग सर्वांना आपण काय केले ते कळले.

“ऐकलंत?” मी म्हणालो. पुन्हा शुद्ध. “देवापुढे रुजू झाले. झाड तिचे.”

“मस्करी केलंय रे,” मानकरी म्हणाले.

“नारळ ठेवून, हात जोडून, गाव देवाशी मस्करी करतो काय?”

एक म्हातारा मासेवाला, जो उभ्या हयातीत माझ्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता, पुटपुटला, “ता खरा आसा. व्हय म्हटला.” मंडळी आल्या वाटेने परत गेली, या खेपेस मात्र अबोलीचा वाफा चुकवून. होळीला झाड तर हवेच होते आणि दिवस चढत होता. शेवटी मानकऱ्यांनी स्वतःच्या बागेतली पोफळ दिली, घड लागलेली. मला वाईट वाटले, असे लिहिणे सभ्यपणाचे होईल. ते खरे होणार नाही.

देवापुढे रुजू झालेले कायद्यापुढेही रुजू व्हावे म्हणून मी पुढच्याच महिन्यात बक्षीसपत्र केले. नोंदणी कार्यालयातल्या गृहस्थांनी मसुदा दोनदा वाचला.

“बक्षीस काय म्हणालात?”

“एक सावर. बुंध्याखालच्या जमिनीसकट.”

“कोणाला?”

“कन्येला. वय सव्वा महिना.”

“अहो, उभे झाड जंगम धरतात. त्याला नोंदणी कशाला?”

“इमारती लाकडाचे असेल तर जंगम. सावरीचे लाकूड कशालाही चालत नाही, हे आमचा सबंध गाव शपथेवर सांगेल. म्हणून ते स्थावर.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. ज्या निरुपयोगीपणासाठी गाव तिला तोडायला निघाले होते, त्याच निरुपयोगीपणाने तिला कायद्यात पक्की मुळे दिली. आणि अज्ञानाची, म्हणजे अल्पवयीन मुलाची, स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून देऊन टाकता येत नाही, असा कायदा दिल्लीत नुकताच झाला होता. म्हणजे आता मी स्वतः हो म्हटले असते तरी ते झाड कोणाला मिळाले नसते. इतका भक्कम बंदोबस्त मी कोणत्याही पक्षकाराचा केला नाही.

पत्नी बाळाला घेऊन आली तेव्हा फुले संपली होती आणि बोंडे फुटून कापूस उडू लागला होता. मी तिला बक्षीसपत्र वाचून दाखवले. तिने बाळाच्या नाकावरचा कापूस फुंकरीने उडवला आणि म्हणाली, “लोकांच्या चेडवांका बाप सोन्याची साखळी घालता. माझ्या चेडवाक काट्यांची सावर!” पण तो कागद तिने आपल्या लुगड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवला, आणि त्या पेटीची किल्ली ती मलाही देत नसे.

पुढे दर माघात मानकऱ्यांचा माणूस येऊन उगाच सावरीकडे पाहून जाई आणि दर माघात माझे पत्र जाई: मालकीण अज्ञान आहे, सबब विनंतीचा विचार करता येत नाही. मुलीला गावात ‘सावरीची मालकीण’ म्हणू लागले. शाळेत पोरे तिला चिडवीत, “मालकिणी, कापूस दी गे, उशी करूक!” सुरुवातीला ती रडत येई. मग ती उलट सांगू लागली, “बाबांका अर्ज करा.”

अशी दहा वर्षे गेली. साठचे दशक अर्धे उलटून गेले. मुलगी चौथीत होती. त्या माघात माणूस आला नाही. मानकरी स्वतः आले. काठी टेकीत, पडक्या गडग्याने नव्हे, पुढच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “वकिला, तू खोलीत जावन कायव लिवत बस. मी तुझ्याकडे इलंय नाय. मालकिणीकडे इलंय.”

“ती अज्ञान आहे.”

“दहा वर्सा तू काय सांगतंस? झाड तिचा, तिका इचारा. आता इचारूक इलंय, तर म्हणतंस इचारू नको?”

पालक या नात्याने नकार देण्याचा अधिकार मला होता; कलमासकट पाठ होता. पण ‘आधी विचारा’ एवढ्याच मागणीवर मी त्या झाडाखाली उभा राहिलो होतो, आणि समोरचा माणूस ऐंशीच्या घरात, काठी टेकीत, विचारायला आला होता. माजघराच्या दारातून पत्नी म्हणाली, “इचारूक देवा तेंका.”

मला भीती वाटली, ती का हेही लिहितो. शिमगा हा त्या पोरीचा वर्षातला सर्वांत मोठा आनंद होता. मांडावर ढोल वाजू लागले की तिला घरात धरून ठेवणे अशक्य. आदल्याच वर्षी ती मला म्हणाली होती की सगळ्यांच्या झाडाची होळी होते, आपल्याच झाडाची का होत नाही? तिने हो म्हटले तर पालक म्हणून मी आडवा जाणार. आणि आडवा गेलो की ‘मालकिणीला विचारा’ हे माझे दहा वर्षांचे म्हणणे निव्वळ कावा ठरणार. झाड राहील, पण माझ्या शब्दाला त्या घरात पुन्हा कोणी किंमत देणार नाही. निदान ती तरी नाही.

मानकऱ्यांनी तिला जवळ बोलावले. “बाय माझ्या, ही सावर होळयेक दितंस? केदी सरळ आसा बघ. सगळ्या गावात अशी होळी उभी रवाक नाय. मांडार पयलो मान तुझो. ढोलावांगडा सगळ्यांच्या फुडे तू.”

तिचे डोळे मोठे झाले. ते मी पाहिले. ती बागेत गेली. आम्ही तिघे ओटीवरून पाहत राहिलो. सावर ऐन भरात होती. मुलगी खाली उभी राहून वर पाहत होती, मग तिने वाकून पडलेले एक फूल उचलले, त्यातल्या मुंग्या झटकल्या आणि ते हातात घेऊन ती परत आली.

“आबा, एकदा कापली काय परत येतली?”

“दुसरी येता गो. वारो हाडता.”

“हीच येतली?”

“हीच कशी येतली?”

तिने फूल ओटीच्या कडेवर ठेवले. मग माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली. साक्षीदाराला खूण करणे मला मान्य नाही.

“फुडच्या वर्साक तुमी परत इचारूक येतलास?” तिने विचारले.

“जगलंय तर येतलंय.”

“मगे फुडच्या वर्साक सांगतंय.”

मानकरी तिच्याकडे पाहतच राहिले. मग ते हसू लागले, इतके की त्यांना ठसका लागला आणि पत्नीला पुन्हा पाणी आणावे लागले. काठीने माझ्या गुडघ्याला ढोसून ते म्हणाले, “वकिला, वकिला! माका तारीख पडली रे! चेडू तुझाच!”

तहकुबीइतका मी कशाचाही द्वेष केलेला नाही. तहकुब्यांपायी माणसांच्या जमिनी सुकताना आणि साक्षीदार मरताना मी पाहिले आहेत. त्यांच्याविरुद्ध मी थेट मुंबईपर्यंत पत्रे लिहिली आहेत. ती एक तहकुबी मात्र मी उभा राहून मान्य केली. मानकऱ्यांना मी बेड्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते अबोलीच्या वाफ्याशी थांबले, तो काठीने दाखवला आणि वळसा घालून पुढे गेले. पुढच्या वर्षी ते आले. तिने पुढची तारीख दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही आले.

त्यांचे येणे गावाने पाहिले होते, म्हणून त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. एका शिमग्याला खालच्या वाडीतल्या एका बाईने आपल्या आंब्यापुढे उभे राहून सांगितले, “वकिलाच्या चेडवाक इचारतास, मगे माका कित्याक नाय?” आणि तिला विचारावे लागले. तिने आनंदाने झाड दिले, तो भाग वेगळा. हळूहळू विचारण्याचीच वहिवाट पडली. ती कोणी पाडली याची नोंद कुठे नाही. ती इथे करून ठेवतो.

मानकरी आता नाहीत. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा येतो. अलीकडे गावातले काही सुशिक्षित मला सुचवतात की झाड म्हातारे झाले, गडगा पाडते आहे, कापसाने छपरे भरतात, तेव्हा या जुन्या प्रकरणाचा एकदा निकाल लावून टाकावा. त्यांना माझे उत्तर मी लेखी दिले आहे. मला अधिकार नाही. मालकीण सज्ञान आहे, सासरी असते आणि शिमग्याला माहेरी येते. ज्यांना सावर हवी असेल त्यांनी त्या वेळी यावे, बेड्यातून यावे, अबोली चुकवून यावे आणि तिला विचारावे. पुढची तारीख ती देईल.